वार चुकविण्याची विद्या

इतिहासाच्या ग्रंथांत तलवारीला जेवढी जागा मिळते तेवढी ढालीला मिळत नाही. कोणत्या वीराने कोणास कोठे घाव घातला हे बखरकार रंगवून सांगतो. परंतु तोच घाव ज्याने चुकविला त्याने तो कसा चुकविला, हे सांगण्यास तो क्षणभरही थांबत नाही. चुकलेला वार म्हणजे न घडलेली गोष्ट, आणि न घडलेल्या गोष्टींचा इतिहास लिहिण्याची चाल आपल्याकडे काय, इतरत्र काय, कोठेच नाही. यामुळे शस्त्रविद्येचा अर्धा भाग, आणि आमच्या मते अधिक कठीण असा अर्धा भाग, पोथ्यांपेक्षा वस्तादांच्या तोंडीच राहिला. त्या अर्ध्या भागाचा थोडाबहुत माग काढावा असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उज्जयिनीत राहणाऱ्या शिक्षकाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. ही नगरी महाकाळाची, कालिदासाची आणि ज्योतिर्विदांची म्हणून प्रसिद्ध आहे, मल्लांची म्हणून तितकी नाही. तथापि या विद्येचे पुष्कळ धागे येथून निघतात किंवा येथे येऊन मिळतात, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रथम भाषेकडे वळू. भाषा ही जुन्या व्यवहारांची पेटी असते, आणि या पेटीत आपल्या पूर्वजांनी बचावाचे शब्द बरेच काळजीपूर्वक ठेवलेले आहेत. वार चुकविणे, वार झेलणे, वार अडविणे, वार तोडणे आणि वार परतविणे ही पाच क्रियापदे सामान्य मराठी बोलणारा मनुष्य एकाच अर्थाने वापरतो. आखाड्यात त्यांचे अर्थ निरनिराळे आहेत. चुकविताना शस्त्र शस्त्रास लागत नाही. अंग तेवढे बाजूला होते. झेलताना वार आपल्या ढालीवर अथवा काठीवर घेतला जातो, परंतु हात किंचित मागे देऊन, जसा आपण चेंडू झेलतो तसा. अडविताना हात ताठ असतो आणि आघात पूर्णपणे सोसावा लागतो; म्हणून जाणत्या माणसाच्या दृष्टीने पाचांत ही रीत कनिष्ठ. तोडणे म्हणजे येणारा वार त्याच्या मार्गावरच दुसऱ्या वाराने मोडून काढणे. आणि परतविणे म्हणजे बचावाच्या त्याच हालचालीतून प्रतिपक्ष्यावर उलट जाणे. जपानी कराटेत अशा क्रियांना ‘उके’ अशी संज्ञा आहे, आणि तिचा मूळ धात्वर्थ ‘स्वीकारणे’, ‘घेणे’ असा आहे. आपल्या ‘झेलणे’ या शब्दाशी त्याचे किती जवळचे नाते जुळते! दोन दूरच्या समाजांना अनुभवाने एकच गोष्ट शिकविली, ती ही की बळाला बळ भिडविण्यापेक्षा आलेले बळ घेऊन जिरविणे शहाणपणाचे.

याच पेटीतला दुसरा शब्द ‘पवित्रा’. वृत्तपत्रांच्या कृपेने आज ‘आक्रमक पवित्रा’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की पवित्रा म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर जाण्याचा आविर्भाव, असेच विद्यार्थ्यांस वाटते. हिंदीत ‘पैंतरा’ म्हणतात तोच हा शब्द, आणि त्याचे मूळ ‘पदांतर’ असे कोशकारांनी दिले आहे. पदांतर म्हणजे पावलाचा पालट. वार येतो तेथून पाऊल काढणे आणि जेथून आपला वार पोचेल तेथे ते ठेवणे, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. पण पहिली आधी. ज्याला पवित्रा येत नाही त्याच्या हातात कितीही उत्तम ढाल दिली तरी तिचा उपयोग नाही, असे सर्व आखाड्यांचे एकमुखी म्हणणे आहे.

आता पौराणिक आधार पाहू. श्रीकृष्ण आणि बलराम यांनी सांदीपनींपाशी अवंतीत विद्याध्ययन केले ही कथा सर्वश्रुत आहे. अंकपाताजवळील सांदीपनींचे स्थान आजही यात्रेकरू आवर्जून पाहतात. चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला त्यांनी आत्मसात केल्या असे भागवत सांगते, आणि त्या अध्ययनात धनुर्वेदाचा स्पष्ट उल्लेख आहे. कथेच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न येथे बाजूस ठेवू. आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो या कथेचा पुढचा धागा, आणि तो क्वचितच कोणी पकडतो. याच बलरामाने पुढे दुर्योधनास गदायुद्ध शिकविले. मिथिलेतील त्यांच्या वास्तव्यात हे घडले असे विष्णुपुराणात आहे. भीमही त्यांचाच शिष्य. तेव्हा शल्यपर्वातील अखेरच्या गदायुद्धात समोरासमोर उभे राहिले ते एकाच गुरूचे दोन शिष्य होते, आणि परंपरेचा शब्द प्रमाण मानला तर त्या गुरूची विद्या अवंतीची होती.

या गदायुद्धाचे वर्णन पुष्कळदा भीमाच्या प्रतिज्ञेसाठी वाचले जाते. आमची शिक्षकबंधूंस विनंती आहे की ते एकदा बचावाच्या दृष्टीने वाचावे. महाभारतकाराने तेथे दोघांच्या हालचालींची जी परिभाषा दिली आहे तीत मंडले आहेत, गत-प्रत्यागत आहे, प्रहारांचे वर्जन आहे, परिधावन आहे, अवप्लुत आणि उपप्लुत आहेत. म्हणजे वाकून वार डोक्यावरून जाऊ देणे, उसळी मारून तो पायाखालून जाऊ देणे, फिरत राहून प्रतिपक्ष्याचा रोख मोडणे, यांपैकी प्रत्येकास स्वतंत्र नाव होते. ज्या क्रियेस नाव आहे ती शिकविली जात असली पाहिजे. नावे ही शाळेची खूण असते. दुर्योधन या विद्येत भीमापेक्षा सरस होता हे श्रीकृष्णही मान्य करतो: भीम बळाने अधिक, दुर्योधन अभ्यासाने अधिक. आणि शेवट कसा होतो? भीमाचा वार येताना पाहून दुर्योधन त्यास चकविण्यासाठी वर उसळी घेतो. भीम तो मनसुबा ओळखतो आणि पाय अधांतरी असतानाच मांड्यांवर गदा हाणतो. नाभीखाली प्रहार करू नये हा नियम मोडला म्हणून बलराम नांगर उगारून धावला, ते न्याय्यच होते. परंतु शस्त्रविद्येच्या दृष्टीने पाहिले तर दुर्योधन पडला तो आपल्या बचावानेच पडला. पाय जमिनीवरून सुटला की मनुष्य दिशा बदलू शकत नाही. तो कोठे उतरणार हे समोरच्यास आधीच कळते. लाठी-फरीगदग्याच्या आखाड्यांत पाऊल उचलू नये, सरकवावे, असे शिकवितात. शल्यपर्वाचा तो प्रसंग जणू या शिकवणीवरील भाष्यच आहे.

पुराणांतील वीरांवरून सामान्य जनांकडे यावयाचे तर ‘मृच्छकटिका’सारखा साक्षीदार नाही. हे प्रकरण सर्वस्वी उज्जयिनीचे आहे. दुसऱ्या अंकात जुगारात हरलेल्या संवाहकास माथुर हा जुगाराच्या अड्ड्याचा चालक रस्त्यात गाठून मारीत असतो. दर्दुरक मध्ये पडतो, प्रकरण हातघाईवर येते, आणि दर्दुरक मूठभर धूळ माथुराच्या डोळ्यांत फेकून संवाहकास पळून जाण्याची खूण करतो. शूद्रकाने हा प्रसंग विनोदासाठी घातला असेल. पण नि:शस्त्राने बलवानापुढे प्रथम काय करावे, याचा धडा त्यात पुरता आहे: दृष्टी हिरावून घ्यावी, अंतर वाढवावे, आणि निघून जावे. आजचे आत्मसंरक्षणाचे वर्ग मोठे शुल्क घेऊन याहून फारसे निराळे शिकवीत नाहीत.

शास्त्रग्रंथांकडे वळलो तर अग्निपुराणाच्या धनुर्वेदप्रकरणात ढाल-तलवारीच्या बत्तीस गती सांगितल्या आहेत. भ्रांत, उद्भ्रांत, आविद्ध, आप्लुत, विप्लुत ही त्यांतील पहिली काही नावे. मौज अशी की त्यांत वार कोणता आणि बचाव कोणता याची विभागणी ग्रंथकाराने केलेली नाही. आमच्या मते हा ग्रंथकाराचा आळस नसून विद्येचे स्वरूपच तसे आहे. फिरता हात एकाच फेऱ्यात वार घालतो आणि अंगही झाकतो. चालुक्य नृपती तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकात, मल्लविनोदाचे सविस्तर प्रकरण आहे; परंतु तेथे राजा प्रेक्षक आहे आणि मल्ल खेळगडी. रणांगणाची विद्या रंगभूमीवर येण्यास तेव्हाच प्रारंभ झाला होता, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

मोगल काळातील एक उल्लेख मात्र थांबून पाहण्याजोगा आहे. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त बादशहाच्या पदरच्या शमशेरबाजांची वर्गवारी दिली आहे, आणि ती त्याने तलवारीच्या आकारावरून जेवढी केली त्याहून अधिक बचावाच्या साधनावरून केली आहे. कोणी ढाल वापरतात. कोणी काठी वापरतात, ते लकडैत. कोणी बचावाचे कोणतेच साधन न घेता एका हाताने लढतात, त्यांस ‘यकहाथ’ म्हणत. पूर्वेकडील लोकांची ढाल लहान, तर दक्षिणेकडील लोकांची ढाल इतकी मोठी की तीत मनुष्य आणि घोडा दोन्ही झाकले जावेत. पुरुषाहून थोडी कमी उंचीची ढाल बाळगणारे ते ‘फराईत’, आणि लांब मुठीची तलवार फिरविणारे ते ‘बनाईत’. मराठी वाचकाचे कान येथे टवकारल्याशिवाय राहत नाहीत. फराईतांतील ‘फरी’ आपल्या फरीगदग्यातली; बनाईतांचे नाते आपल्या बनेटीशी असावे असे नावावरून वाटते. फरी हा शब्द संस्कृतातील ढालवाचक ‘फर’, ‘फलक’ यांच्या कुळातला आहे, आणि पंजाबातील गतक्याच्या खेळातही काठीबरोबर धरावयाच्या छोट्या ढालीस फर्रीच म्हणतात. आपला ‘गदगा’ आणि त्यांचा ‘गतका’ हे सख्खे भाऊ आहेत. पंजाबपासून महाराष्ट्रापर्यंत ढालीचे एकच नाव चालावे, यावरून ही विद्या शिपायांच्या पायांनी हिंडली, पंडितांच्या पोथ्यांनी नव्हे, हे उघड होते.

मराठ्यांच्या इतिहासात बचावाचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा, प्रतापगडच्या पायथ्याचा. अफझलखानाचा वार शिवाजी महाराजांच्या अंगरख्याखालील चिलखतावर निसटला, हे शाळेतील लहान मूलही सांगेल. परंतु त्या दिवशीचा दुसरा बचाव अधिक अवघड होता. सय्यद बंडाने महाराजांवर शस्त्र उचलले आणि जिवा महालाने तो वार उतरण्यापूर्वीच त्यास छाटले. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण ज्या क्रियेवरून पडली ती वर सांगितलेल्या पाच क्रियांपैकी ‘तोडणे’ होय. चिलखताचा बचाव पूर्वतयारीचा, जिवा महालाचा बचाव नजरेचा. म्हणीने चिलखताची आठवण ठेवली नाही, नजरेची ठेवली; लोकांस कोणती गोष्ट दुर्मिळ वाटते हे यावरून कळावे.

पट्ट्याविषयी एक गैरसमज येथेच दूर करावयास हवा. पट्टेकऱ्याच्या हाती ढाल नसली तर त्यास बचाव नाही, मराठा तेवढा चढाईच जाणतो, असे कित्येकजण कौतुकाने म्हणतात. पट्ट्याची मूठ एकदा हाती घेऊन पाहावी. ती कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी खोबण आहे. शस्त्रयुद्धात सर्वांत आधी कापला जातो तो पुढे आलेला हात; तोच पट्ट्याने झाकलेला आहे. अशा मुठीमुळे मनगट वळत नाही, म्हणून वार खांद्यातून आणि कमरेतून फिरवावा लागतो. आणि सतत फिरणारे लांब पाते ही भिंतच असते, तिच्या आत शिरणे ज्याला साधेल त्याने शिरावे. ढाल शस्त्रातच विरघळली आहे, नाहीशी झालेली नाही.

आता आमच्या नगरीकडे येतो. उज्जैनच्या आसमंतात दोन लढाया अशा झाल्या की त्यांनी या सर्व विद्येचे भवितव्य ठरविले. पहिली एप्रिल १६५८ मधील धरमाटची, येथून सुमारे २२ किलोमीटरांवर. जसवंतसिंहाच्या राजपुतांनी औरंगजेबाच्या तोफांवर घोडे घातले. शौर्यात उणे नव्हते, पण तोफेच्या गोळ्यास पवित्रा नसतो. दुसरी जुलै १८०१ मधील. तोपर्यंत उज्जैन शिंद्यांचे होऊन सत्तर वर्षे लोटत आली होती. राणोजींच्या कारकीर्दीत रामचंद्रबाबा सुखटणकरांनी महाकाळेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले होते. या लढाईत यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या कवायती पलटणींचा धुव्वा उडविला आणि त्यांचे अनेक युरोपीय अधिकारी पडले. दोन्हीकडे मराठेच, दोन्हीकडे तोफा आणि बंदुका. पुढे १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरीस नेली आणि उज्जैन राजकारणातून मागे पडले.

साधारण तर्क असा की लढाईत निरुपयोगी ठरलेली विद्या लुप्त व्हावी. घडले ते उलट. ढाल-तलवार रणांगणावरून उठली आणि आखाड्यात येऊन अधिक सूक्ष्म झाली. रणात दोन-चार घटकांत निकाल लागे. तेथे बत्तीस गती आठवण्यास सवड कोणास? आखाड्यात रोज संध्याकाळी तोच जोडीदार, तेच वार, वर्षानुवर्षे. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन ज्यांच्या नावाशी जोडले आहे ते बाळंभटदादा देवधर दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले, म्हणजे मराठेशाहीच्या अगदी संध्याकाळचे, ही गोष्ट आम्हांस योगायोगाची वाटत नाही. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे दोन पहिलवान पुण्यास आले, त्यांचे आव्हान कोणी स्वीकारीना, तेव्हा बाळंभटदादांनी वणीस सप्तशृंगीपाशी उपासना करून ही विद्या मिळविली आणि अलीस चीत केले, अशी परंपरागत कथा आहे. कथेतील दैवी भाग सोडला तरी खांबास जोडीदार मानण्याची त्यांची कल्पना अपूर्व होती यात शंका नाही.

फरीगदग्याची रचना थोडी तपशिलाने सांगतो, कारण तरुण शिक्षकांपैकी फार थोड्यांनी ती पाहिली असेल. गदगा म्हणजे तलवारीच्या जागी चामडे मढविलेली काठी. फरी म्हणजे छोटी गोल ढाल. वारांची नावे ठरलेली. डोक्यावरचा तो शिर. एका गालाच्या रोखाने जाणारा तमाचा. त्याच्या उलट बाजूने, हात बाहेर नेऊन घातलेला तो बाहेरा. कमरेवरचा कमर. ‘हूल’ हा शब्द तर पाहण्यासारखा आहे: हिंदीत हूल म्हणजे टोकाने भोसकणे, मराठीत हूल देणे म्हणजे एकीकडे जाण्याचा आव आणून दुसरीकडे जाणे. एकाच आखाडी शब्दाचा हिंदीने घाव ठेवला आणि मराठीने फसवणूक ठेवली, यावरून दोन्ही भाषिकांच्या स्वभावाविषयी अनुमान काढण्याचा मोह आम्ही आवरतो.

यांपैकी प्रत्येक वारास त्याचा बचाव आहे, आणि नवशिक्यास तो समजावून सांगताना दोन गोष्टी हटकून विपरीत वाटतात. पहिली ढालीची जागा. मुलगा ढाल छातीशी धरतो. जवळ असली की सुरक्षित, असे त्याचे मन सांगते. वस्ताद ती पुढे, जवळजवळ ताठ हातावर धरावयास लावतात. यातील भूमिती सोपी आहे. डोळ्याशी धरलेली वाटी अख्खा डोंगर झाकते, तीच दूर भिंतीवर ठेवली तर बोटभर जागा झाकते. वार ज्या हातातून निघतो त्या हाताच्या जितके जवळ ढालीस नेऊ तितका तिचा आडोसा मोठा. शिवाय काठीचा वेग टोकाशी सर्वाधिक आणि मुठीशी सर्वांत कमी असतो. वार मुठीच्या जवळ झेलला तर त्याचा जोर उणा पडतो. म्हणून भ्यालेला मनुष्य मागे सरून नेमका काठीच्या टोकापाशी सापडतो, आणि शिकलेला मनुष्य अर्धे पाऊल आत सरकतो.

दुसरी गोष्ट नजरेची. वार चुकवावयाचा तर काठीच्या टोकाकडे पाहावे, असे कोणासही वाटेल. परंतु डोळ्याने पाहून हाताने हालचाल करण्यास मनुष्यास सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो, आणि तेवढ्यात टोक येऊन पोचलेले असते. म्हणून जाणता गडी टोक पाहत नाही. प्रतिपक्ष्याचा खांदा आणि कोपर पाहतो. वार हातात येण्यापूर्वी खांद्यात येतो. आधुनिक शरीरशास्त्राने मोजून सांगितलेली ही गोष्ट आखाड्याने न मोजता ओळखली होती.

१८७८ च्या शस्त्रकायद्याने ब्रिटिश मुलखातील घराघरांतून तलवारी गेल्या. संस्थानांत तितकी कडक स्थिती नव्हती, आणि आमचे उज्जैन ग्वाल्हेर संस्थानात होते. तरीही काळाचा ओघ एकच होता. शस्त्र गेले तेव्हा नि:शस्त्राच्या बचावाची विद्या पुढे आली. तिचे नाव बिनवट अथवा बिनोट. ‘बिन ओट’, म्हणजे आडोशावाचून, अशी तिची फोड कित्येक करतात. हाती ढाल नाही, तलवार नाही. एखादी आखूड काठी, किंवा टोकास नाणे बांधलेला रुमाल, आणि शरीरातील मर्मस्थानांचे ज्ञान. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव (१८७८ ते १९५४) हे या विद्येचे थोर आचार्य. ते नामांकित हाडवैद्यही होते हे विसरू नये. सुश्रुताने एकशे सात मर्मे सांगितली ती शल्यवैद्यासाठी. आखाड्यात तेच ज्ञान मोडण्यास आणि मोडलेले सांधण्यास, दोन्हींस उपयोगी पडले. बडोद्यातच दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड संपादून आखाड्यांची विद्या प्रथमच मराठीत, चित्रांसह, ग्रंथबद्ध केली. त्या खंडांचे ऋण मराठीने अद्याप पुरतेपणी मानलेले नाही. आमच्या वाङ्मयाच्या इतिहासांत एखाद्या क्षीण कवितासंग्रहास पान मिळते; या कोशास ओळ मिळत नाही.

विरोधाभास पाहा. १९२३ मध्ये हिंदुस्थानच्या पोलीस खात्यातील लँग नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हातकाठीने आत्मसंरक्षण कसे करावे यावर पुस्तक लिहिले, आणि ती पद्धत त्याने घेतली होती युरोपात विकसित झालेल्या काठीयुद्धावरून. ज्या देशात गावोगाव लाठी फिरत होती त्या देशाच्या पोलिसांत बाहेरची काठी आली!

यानंतरचा इतिहास प्रदर्शनाचा आहे. १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिंपिकच्या प्रसंगी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळ जगापुढे करून दाखविले, आणि त्याचा अभिमान प्रत्येक मराठी माणसास वाटला पाहिजे. परंतु हजारो प्रेक्षकांपुढे जे शोभते ते एकट्याने केलेले असते: फिरणारी बनेटी, लखलखणारा पट्टा, खांबावरचे आसन. जोडीचा बचाव प्रेक्षकास दिसतच नाही. चांगला बचाव म्हणजे अर्ध्या पावलाची सरक. लांबून पाहणाऱ्यास वाटते की काहीच घडले नाही. हळूहळू जे दिसते ते टिकले आणि जे दिसत नाही ते गळाले. इंदुरात अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत आखाड्यांची शस्त्रे अजून फिरतात. ती फिरतात, भिडत नाहीत.

मल्लखांबाचे उदाहरण तर आमच्या डोळ्यांपुढे आहे. उज्जैनने या खेळासाठी जे केले ते फार थोड्या नगरांनी केले असेल. अच्युतानंद व्यायामशाळेसारख्या संस्थांनी तो जिवंत ठेवला. जानेवारी १९८१ मध्ये मल्लखांबाची पहिली स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा येथेच झाली. २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने त्यास राज्याचा खेळ म्हणून घोषित केले. आणि उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांस २०२० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. याचा आनंद मानूनही एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. खांब हा मुळात मल्लाचा जोडीदार होता; त्याच्यावर पकड घोटावयाची ती उद्या माणसावर टाकण्यासाठी. आज तो व्यायामाचा सर्वांगसुंदर प्रकार झाला आहे, आणि मल्ल त्यातून निघून गेला आहे. खांब कधी उलट वार करीत नाही.

२०२२ मध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत गतका, थांग-ता आणि कळरिपयट्टू या तीन शस्त्रविद्यांस मल्लखांब व योगासनांबरोबर स्थान मिळाले. पंजाब, मणिपूर आणि केरळ यांनी आपल्या जोडीच्या खेळाचे नियम बांधले, गुण ठरविले, पंच तयार केले. गतक्याचा सख्खा भाऊ जो फरीगदगा, तो त्या यादीत नव्हता. त्याचे नियम कोणी बांधले नाहीत म्हणून नव्हता. यात दिल्लीचा दोष काढण्यात अर्थ नाही.

शाळेत मुलांच्या हाती काठी देऊ नये, त्याने दांडगाई वाढते, असा आक्षेप काही सहकारी घेतात. आक्षेप अगदीच निराधार नाही. मिरवणुकीपुरती शिकलेली काठी खरोखरच डोक्यात जाते. परंतु ज्यास समोरून वार येतो आणि तो चुकवावा लागतो, त्यास वाराची किंमत कळते. एकट्याने काठी फिरविणारा मुलगा महिन्याभरात स्वतःस शूर समजू लागतो. जोडीने खेळणारा मुलगा महिनाभर तमाचे खाऊन नम्र होतो. आज गल्लोगल्ली कराटेचे वर्ग आहेत, त्यांत मुलीही पुष्कळ जातात, आणि हे स्वागतार्ह आहे. त्या मुलींस ‘उके’ हा शब्द येतो आणि ‘झेल’ हा शब्द येत नाही, एवढीच आमची तक्रार.

तेव्हा अकादमीच्या सभासदांपुढे एक सूचना ठेवतो. माळव्यात, वऱ्हाडात, कोल्हापूरच्या मर्दानी खेळांच्या तालमींत आणि बडोद्याकडे फरीगदगा व लाठी जोडीने शिकलेले वृद्ध अजून आढळतात. वारांची नावे पुष्कळ ठिकाणी छापली गेली आहेत; बचावांची नावे त्यांच्याकडून उतरून घ्यावयास हवीत, तीही केवळ शब्द म्हणून नव्हे, तर कोणत्या वारास, कोणता पाय मागे असताना, ढाल वर की खाली, अशा तपशिलासह. हे काम बसून होत नाही. नाव विचारले तर वस्ताद क्षणभर अडखळतात. समोर उभे राहून तमाचा घातला की हात आधी उठतो आणि नाव मागाहून तोंडात येते. म्हणून टिपून घेणाऱ्या दोघांपैकी एकाने तरी हाती गदगा धरावा.